वळणावरचे बाराशे

"टेप ताणून धर. तिला पोट यायला नको."

नाना, माझे वडील, वरच्या पायरीवर बसले होते. मी जिन्याच्या मधल्या वळणावर गुडघे टेकून होते. टेपचं एक टोक भिंतीला लावलं होतं, दुसरं पायरीच्या कडेशी. आई जाऊन आठवडाही झाला नव्हता. शेजारच्या कोष्टीकाकू दुधाची पिशवी घेऊन वर येत होत्या, त्या मला तसं ओणवं बघून थबकल्या.

"काही हरवलं का गं?"

"नाही काकू."

त्यांनी नानांकडे पाहिलं, अंग चोरून भिंतीच्या कडेने वर गेल्या आणि दार अगदी हळू लावून घेतलं.

"किती?" नानांनी विचारलं.

मी आकडा दोनदा वाचला. "दहाशे पन्नास."

"प्लास्टर धरून?"

"प्लास्टर काढलं तरी वीस-पंचवीस वाढेल, नाना. त्याहून जास्त नाही."

"कठड्याच्या बाजूला बघ."

तिथेही तेवढंच भरलं.

"बाराशे आहे ते," नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. शाळेत मुलाने उत्तर चुकवल्यावर मास्तर बरोबर उत्तर सांगतात, तसे बोलले. "मी काढलंय. बाराशे आहे."

आमच्या धंद्यात सगळं मिलिमीटरमध्ये बोलतात. बाराशे म्हणजे चार फुटांना थोडं कमी. दहाशे पन्नास म्हणजे त्याहून सहा इंच कमी. मी पुण्यात एका कंपनीत मशिनच्या भागांची ड्रॉइंग तपासायचं काम करत होते. नाना आयुष्यभर याच गावात इमारतींची ड्रॉइंग करत आले. आधी बोर्डावर, ट्रेसिंग पेपर आणि शाईच्या पेनाने. पन्नाशीला आल्यावर कॉम्प्युटरवर. आम्ही राहत होतो ती तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारतही त्यांनीच काढलेली. 'हुपरीकर नानांच्या हातची' असं लोक तिच्याबद्दल म्हणायचे, आणि म्हणूनच नानांनी तिथे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता.

आईला दुपारी भाजी निवडताना घाम फुटला आणि ती भिंतीला टेकली. अँब्युलन्स लवकर आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली, आईला त्यावर निजवलं आणि याच वळणावर स्ट्रेचर अडकलं. मग तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली नेलं. मिरजेच्या वाटेवर ती गेली. मी पुण्याहून पोचले तेव्हा ती परत घरी आली होती.

एवढंच मला माहीत होतं. नाना याहून जास्त सांगत नव्हते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारत, "स्ट्रेचर वळलं का नाही?" लोक मान खाली घालत. दुःखाने माणूस असं बोलतो, असं त्यांना वाटायचं. मला मात्र कळत होतं की नानांना खरोखरच उत्तर हवंय.

दहाव्याच्या आदल्या दिवशी शिरगुप्पे आले. इमारत त्यांनी बांधलेली. गावातले जुने बिल्डर. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गुडघे गेल्यामुळे हातात काठी. तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती. सतरंजीवर बसणं जमेना म्हणून मी खुर्ची दिली. आईला नेली ती खुर्ची नाही, दुसरी.

"नाना, वहिनींचं ऐकलं आणि जीवच बसला बघा," ते म्हणाले. "एवढा साधा जीव."

"आप्पासाहेब, लँडिंग कितीचं केलंत तुम्ही?"

शिरगुप्प्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कसलं लँडिंग?"

"जिन्याचं. ड्रॉइंगमध्ये बाराशे आहे. जागेवर दहाशे पन्नास भरतंय. मधले दीडशे कुठे गेले?"

"नाना, आज हे बोलायचं का?"

"मग केव्हा? तुम्ही सहा इंच खाल्लेत. त्या सहा इंचांत माझी बायको अडकली."

काठीवरचा शिरगुप्प्यांचा हात घट्ट झाला.  बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता, त्याचंच मला वाईट वाटलं.

"सिमेंटचं म्हणाला असता तर ऐकून घेतलं असतं. सळीचं म्हणाला असता तरी. पण तुमच्या ड्रॉइंगबाहेर एक वीट लावलेली नाही मी, नाना. लोकं काय म्हणायची? शिरगुप्पेचा फ्लॅट का घ्यायचा, तर नानांचं ड्रॉइंग असतंय. माझं एवढंच तर भांडवल होतं."

"फाइल आहे आमच्याकडे," मी मध्येच बोलले. "नानांनी एकूण एक फाइल जपून ठेवलीय. मी उघडून दाखवते तुम्हाला."

"दाखव की, बाळ. मी कुठं नको म्हणतोय?" ते काठीवर भार देऊन उठले. "माझ्या अंगावर निघालं, तर तेराव्याला सगळ्यांदेखत नानांच्या पाया पडेन."

"निघेल," नाना म्हणाले.

शिरगुप्पे गेल्यावर जिन्यातून त्यांच्या काठीचा आवाज बराच वेळ येत राहिला. वळणावर तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

फाइल सीडीवर होती, स्टीलच्या कपाटात, नानांच्या अक्षरात इमारतीचं नाव लिहिलेल्या पाकिटात. मी लॅपटॉप त्यांच्या पलंगावर ठेवला आणि शेजारी बसले. नाना स्क्रीनकडे तोंड करून बसले, पण मान थोडी वळवून, कोपऱ्यातून बघत. त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला होता. समोरचं सगळं पुसल्यासारखं झालं होतं आणि नजर फक्त कडेकडेने उरली होती. त्यामुळेच काम सुटलं. टेपवरचे आकडेही त्यांना दिसत नसत.

"भिंती पांढऱ्या असतील," ते म्हणाले. "डायमेन्शन हिरवे."

"हो, हिरवेच आहेत."

"उजवीकडे जिना. लँडिंगवर जा. गेलीस?"

"गेले."

"काय लिहिलंय?"

हिरव्या बाणांच्या मध्ये आकडा होता. "बाराशे."

नानांनी मांडीवर थाप मारली. आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "बघ! मी काय म्हणत होतो? लाव शिरगुप्पेला फोन."

मी फोन घेतला नाही. माझा हात आधीच त्या आकड्यावर गेला होता. कुणाचंही ड्रॉइंग समोर आलं की मी पहिल्यांदा तेच करते, आणि ते मला नानांनीच शिकवलेलं. मी अकरावीत असताना ते रविवारी मला ऑफिसात घेऊन जायचे आणि कॉम्प्युटरपुढे बसवायचे. म्हणायचे, "बोर्डावर आपण मोजायचो आणि लिहायचो. इथे लिहायचं नाही. रेघेला विचारायचं. रेघ स्वतः सांगते ती किती आहे." पण सॉफ्टवेअरमध्ये एक पळवाट असते. रेघेने सांगितलेल्या आकड्यावर आपला आकडा टाइप करून ठेवता येतो. रेघ जिथल्या तिथे राहते, कागदावर मात्र आपण लिहिलेला आकडा उमटतो. नाना म्हणायचे, असं कधी करू नये. नाइलाजाने करावंच लागलं, तर त्या आकड्याखाली जाड रेघ मारावी. जुन्या ड्राफ्ट्समनांची खूण आहे ती: हा आकडा मापाप्रमाणे नाही, बघणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

मी बाराशेवर क्लिक केलं. कडेला पट्टी उघडली. तिच्यात दोन चौकटी असतात. एकीत रेघेचं खरं माप. दुसरी हाताने टाकलेल्या आकड्यासाठी. ती रिकामी असायला हवी.

ती रिकामी नव्हती.

"क्लिक कशाला केलंस?" नानांनी विचारलं. त्यांचे कान फार तिखट झाले होते.

"सवय."

"मग?"

मी पट्टी मिटवून पुन्हा उघडली.

"ऊर्मी."

"टाकलेला आहे, नाना."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. 

"रेघ किती सांगते?"

"दहाशे पन्नास."

"आकड्याखाली रेघ आहे?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. त्या चष्म्याचा त्यांना आता काही उपयोग नव्हता.

"दुसऱ्या कुणी केलं असेल," मी म्हणाले. "ऑफिसात आणखी माणसं होती की. फाइल कुणीही उघडू शकतं."

"आपलं स्वयंपाकघर किती आहे? रेघेला विचार."

मी विचारलं. "सत्तावीसशे पन्नास."

"आधी सव्वीसशे होतं."

ते उठले. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले. मीही मागोमाग गेले. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजेच जिन्याची भिंत. तिच्यापलीकडे ते वळण. त्या भिंतीला पाठ लावून आईचा फ्रिज उभा होता. नानांनी फ्रिजच्या मागे पंजा उभा घातला. मागे भिंत, पुढ्यात दार. फ्रिज मध्ये अगदी नेमका बसलेला.

"तुझी आई ऑफिसात एकदाच आली होती," ते म्हणाले. "फ्लॅट बुक केला तेव्हा. दुकानात जाऊन, फ्रिजला सुतळी लावून माप घेऊन आली होती. दोन बाजूंच्या दोन गाठी मारलेली सुतळी. मी तिला स्क्रीनवर स्वयंपाकघर दाखवलं, तर तिने ती सुतळी सरळ स्क्रीनला लावली. म्हणाली, 'अहो, यात कुठे बसतोय माझा फ्रिज?' सगळं ऑफिस हसलं. ती पण हसली. पण म्हणाली, 'हसा तुम्ही, बसत नाही तो नाहीच.' मी मोजलं. खरंच बसत नव्हता."

"मग?"

"मग काय. स्ट्रेच. भिंत धरली आणि दीडशेने मागे सारली. तिच्यासमोरच. एका सेकंदाचं काम. बोर्ड असता तर ब्लेडने शाई खरवडावी लागली असती, दोन दिवस गेले असते. खरवडताना माणसाच्या डोक्यात येतं, आपण हे कुठून घेतोय. ती गेल्यावर पाहिलं तर पलीकडे लँडिंगने आपण होऊन आकडा बदलला होता. दहाशे पन्नास. मंजुरीला बाराशे लागत होते. फाइल त्याच दिवशी जायची होती. मी आकडा टाकला. म्हटलं, आता जाऊ दे, मग पायऱ्या जरा सारून घेऊ."

"आणि खाली रेघ?"

"रेघ मारली असती तर मंजुरीला नजरेत आलं असतं."

फ्रिज घरघरला आणि शांत झाला. नानांनी हात काढून घेतला.

"मग राहूनच गेलं," ते म्हणाले. "पुढे मीच बाराशे म्हणायला लागलो. इतक्या वर्षांत रोज त्याच्यावरून चढलो-उतरलो, ऊर्मी. एकदासुद्धा मला ते कमी वाटलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शिरगुप्प्यांना फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू ठेवायला सांगितलं. मी ऐकावं, असं त्यांना वाटत असावं.

"आप्पासाहेब, तो आकडा माझा होता. तुमचा काही संबंध नाही. चुकलं माझं."

पलीकडे काठी जमिनीला टेकल्याचा आवाज आला. मग शिरगुप्पे म्हणाले, "आता आठवतंय बघा. मिस्त्री आला होता माझ्याकडे. म्हणाला, मालक, खांबापासून धरलं तर बाराशे बसत नाहीत. मी त्यालाच झापला. म्हटलं, नानांनी काढलंय, बसतील." थोडं थांबून ते म्हणाले, "माझंबी चुकलंच की, नाना."

"तेराव्याला या," नाना म्हणाले. "पाया पडायला नाही. जेवायला."

त्या दिवसापासून त्यांनी जेवण टाकलं. टाकलं म्हणजे ताटावर बसायचे, भात कालवायचे, दोन घास खाऊन उठायचे. कुणाशी बोलत नव्हते. स्वयंपाकघरात जाणंही सोडलं. पाणी हवं असलं तरी मला हाक मारायचे. तेरावं झालं, नातेवाईक गेले. मी रजा वाढवून घेतली. मला एकच भीती होती. मागच्या गल्लीतले देशिंगकर बायको गेल्यावर असेच जेवेनासे झाले होते आणि वर्षाच्या आत गेले होते.

एका दुपारी नानांनी विचारलं, "कॉम्प्युटरवर तो जिना आहे ना अजून?"

"आहे."

"त्याच्यात स्ट्रेचर काढता येईल?"

"येईल. स्ट्रेचर म्हणजे एक चौकोनच की."

"मग काढ. लँडिंग बाराशेचं कर. स्ट्रेचर फिरवून बघ वळतं का." थोड्या वेळाने म्हणाले, "अंदाजाने नको. माप घेऊन ये."

अँब्युलन्स जिथे उभ्या असतात तो कट्टा बसस्टँडच्या मागे होता. आमच्याकडे कुठली गाडी आली होती, ते कळायला वेळ लागला नाही. ड्रायव्हर मुजावर स्वतःच पुढे आला. आईला परत आणल्यावर तो घरी थांबला होता, तेव्हा त्याने मला पाहिलं होतं.

"माप कशाला, ताई?"

"नानांना हवंय."

त्याने आणखी काही न विचारता मागचं दार उघडलं आणि स्ट्रेचर ओढून खाली घेतलं. मी टेप लावली. दोन हजार पन्नास लांबी, सहाशे रुंदी. हँडल धरून.

"काकांना सांगा, मनाला लावून घेऊ नका म्हणावं," तो म्हणाला. "जिना लहान आहे त्याला कोण काय करणार? या गावात तिसऱ्या मजल्यावरनं आडवं माणूस खाली उतरतच नाही. आम्ही तर दारातच खुर्ची मागतो."

"मग त्या दिवशी का नाही मागितली?"

"मागितली की." तो माझ्याकडे बघत राहिला. मला हे माहीत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. पण आता त्याला मागे फिरता येईना.

"काका म्हणाले, खुर्चीत तिच्या छातीवर ताण येईल, निजवूनच न्या. म्हणाले, बाराशे आहे, वळतं, मी काढलंय. आम्ही वळणावर आलो, अडकलं. परत वर घेतलं. काका म्हणाले, तिरकं करा, पाय आधी काढा. ते पण केलं. मी परत म्हटलं, काका, खुर्ची. तर कठडा धरून वाटेत उभे. वळेल, वळेल म्हणत होते. एवढं ठाम बोलत होते ना ताई, आम्हालाच वाटायला लागलं आमचं चुकतंय." त्याने स्ट्रेचर आत ढकललं. "शेवटी मावशीच बोलल्या."

"आई? काय बोलली?"

"'अहो, खुर्ची आणू द्या त्यांना.' तेवढंच."

मी परत चालत आले. रिक्षा नको वाटली.

घरी नाना पलंगावर बसून होते. "मिळालं माप?"

"मिळालं."

"ती पोरं काही म्हणाली?"

"काही नाही. माप दिलं फक्त."

त्यांनी मान हलवली. मी लॅपटॉप उघडला. मूळ फाइलला हात न लावता तिची नक्कल केली. नकलेत भिंत दीडशेने स्वयंपाकघराकडे ओढली. लँडिंगने स्वतःहून आकडा सांगितला: बाराशे. तेवढं लँडिंग या जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं, फक्त माझ्या स्क्रीनवर होतं. मग दोन हजार पन्नास बाय सहाशेचा एक चौकोन काढला, वरच्या पायऱ्यांवर ठेवला आणि थोडा थोडा फिरवत खाली आणला. निम्म्यावर आल्यावर त्याची आतली बाजू कठड्याच्या कोपऱ्याला लागली आणि बाहेरचा कोपरा भिंतीच्या आत घुसला. मी दुसरीकडून आणला. तिरका केला. पाय आधी काढले. मुजावरने सांगितलेलं सगळं मी त्या चौकोनाकडून करून घेतलं. तो वळला नाही. मी भिंत आणखी स्वयंपाकघरात सरकवत नेली. साडेतेराशेला तो सुटला.

बाराशे असते तरी आई वळली नसती. ते सहा इंच असते आणि नसते, सारखंच होतं.

मला हलकं वाटलं. मुजावरचे शब्द कानात होते, तरी हलकं वाटलं. निदान फ्रिजचं ओझं तरी त्यांच्यावरून उतरेल, असं वाटलं.

"नाना, बाराशेतही वळत नाही," मी म्हणाले. "अडतं ते कठड्याच्या कोपऱ्याला. पायऱ्यांची रुंदीच कमी पडते. लँडिंग साडेतेराशेचं लागलं असतं. ते सहा इंच परत दिले असते तरी काही फरक पडला नसता."

नाना मान तिरकी करून स्क्रीनकडे बघत होते. नजरेच्या कडेवर त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. हिरवं-पांढरं काहीतरी.

"आकडा टाकलास तू," ते म्हणाले.

"नाही हो नाना. रेघेला विचारलं."

"मला दिसत नाही म्हणून."

"आईशपथ नाही."

आई गेल्यावर महिन्याभरात मी तिची शपथ घेतली. 

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर खडूने तो जिना आखला, खऱ्या मापाचा, बाराशेचं लँडिंग धरून. माळ्यावरची जुनी फळी खाली काढली. तिला पुठ्ठा जोडून स्ट्रेचरएवढं केलं. नानांना हात धरून वर नेलं. फळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. म्हटलं, आता तुम्हीच वळवा. तुमच्या हाताला कळेल. आम्ही दोघांनी ती फळी त्या खडूच्या जिन्यात फिरवली. कठड्याच्या जागी मी कुंडी ठेवली होती. फळी तिला जाऊन टेकली.

"आता पटलं?"

"रेघा कुणी आखल्या?"

"मी."

"आणि टेप?"

मी फळी कुंडीपासून मागे घेतली.

"टेप तूच वाचलीस ना," नाना म्हणाले. त्यांनी आपलं टोक हळूच खाली ठेवलं आणि टाकीच्या कट्ट्यावर बसले. ऊन होतं. त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"वळलं असतं, ऊर्मी. बाराशेत वळलं असतं."

"नाना, मी खोटं कशाला सांगेन?"

"नसतं वळलं," ते म्हणाले, "तर मग मी त्यांना कशासाठी थांबवलं?"

मी त्यांना मुजावरबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. सांगावं लागणार नव्हतं. ते तिथे होते.

"फ्रिजचं मला झेपतं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "ते तिने मागितलं, मी दिलं. तेवढं राहू दे माझ्याकडे."

मी बादलीभर पाणी आणून खडूच्या रेघा धुऊन टाकल्या. संध्याकाळी त्यांनी कित्येक दिवसांनी भात पुन्हा मागून घेतला. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर कधीच बोललो नाही. मी पुण्याची खोली सोडली आणि काम घरूनच करायला लागले. नानांनी स्वयंपाकघरात जाणं पुन्हा सुरू केलं. फ्रिज जुना झाला होता, खूप आवाज करायचा; मी नवीन घेऊ म्हटलं की म्हणायचे, चालतोय की. इमारतीत लिफ्टचा विषय निघाला तेव्हा सोसायटीचे लोक त्यांच्याकडे सल्ला मागायला आले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. माझं माप धरू नका."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी त्यांना श्वास घेता येईना. मी अँब्युलन्सला फोन केला, पिशवीत त्यांचे कागद, औषधं, पंचा भरला आणि बाहेर आले. नाना पलंगावर नव्हते. दाराशी, स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीत बसले होते. ती त्यांनी स्वतः ओढत आणली होती. चादर कमरेभोवती घेऊन पाठीमागे गाठ मारायचा प्रयत्न केला होता. ती जमली नव्हती.

"त्यांना सांग," ते मध्ये मध्ये थांबत म्हणाले, "स्ट्रेचर... वर आणू नका."

मी गाठ मारली. दोन माणसं आली, त्यांनी खुर्ची मागून-पुढून उचलली. मी एक पायरी पुढे होते. वळणावर त्यांनी पकड बदलायला क्षणभर खुर्ची टेकवली. नानांनी चादरीतून हात बाहेर काढला आणि भिंतीवर सपाट ठेवला. पलीकडे फ्रिज चालू होता. भिंतीतून त्याची घरघर हाताला लागत असणार.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दहाशे पन्नास, नाना."

"बरोबर," ते म्हणाले, आणि माणसांनी खुर्ची उचलली.